‘ग्राफे’ म्हणजे नेमके कोणते ग्रंथ?

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यासवर्गात तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र वाचताना, ‘शास्त्रलेख’ या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘ग्राफे’ हा शब्द असल्याचे समजले. पावित्र्याचा अर्थ या शब्दातच आहे का, आणि त्यात संपूर्ण बायबल अभिप्रेत आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : पावित्र्याचा अर्थ मूळ शब्दात नाही. ‘ग्राफो’ म्हणजे ‘मी लिहितो’. त्या क्रियापदापासून ‘ग्राफे’ हे नाम झाले असून लेखन, रेखाटन, चित्र हे त्याचे साधे अर्थ होत. अथेन्समध्ये तर सार्वजनिक स्वरूपाच्या अपराधाबद्दल कोणाही नागरिकाला दाखल करता येणाऱ्या फिर्यादीलाही ‘ग्राफे’ म्हणत, आणि इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर अधार्मिकतेचा खटला चालला तो अशाच ‘ग्राफे’वरून. नव्या करारात मात्र हा शब्द सुमारे पन्नास वेळा येतो, तो धर्मशास्त्र याच अर्थाने.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर त्या पत्रातच मिळते. तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात ‘ग्राफे’ येतो. पण त्याआधीच्या वचनात, तीमथ्याला ‘पवित्र लेख’ बालपणापासून ठाऊक आहेत, असे म्हटले आहे, आणि तेथे ग्रीक शब्द ‘हिएरा ग्रामाता’ असे आहेत. तीमथ्याची आई यहुदी होती, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. त्याच्या बालपणी नव्या करारातील पुस्तके त्याच्या हाती असणे शक्यच नव्हते. म्हणून येथे ‘ग्राफे’ने प्रथम निर्देश होतो तो यहुद्यांच्या धर्मग्रंथांचा, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्याचा. लूकच्या शुभवर्तमानात येशू याच ग्रंथांना मोशेचे नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रे असे संबोधतो. सोळावे वचन पाठ असणारे पुष्कळ असतात, पंधराव्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आपल्या वर्गाने ही दोन्ही वचने एकत्र वाचावीत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

संपूर्ण बायबलला हा शब्द लावणे त्यामुळे चुकीचे ठरत नाही, परंतु तो अर्थविस्तार पुढचा आहे. त्याची सुरुवात नव्या करारातच दिसते : पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, सोळाव्या वचनात, पौलाच्या पत्रांचा उल्लेख ‘इतर शास्त्रलेखां’च्या जोडीने केलेला आहे, आणि तेथेही मूळ शब्द ‘ग्राफे’चेच अनेकवचन आहे.