वीस वर्षांची लाडकी स्पोर्ट्स कार देऊन नवी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००२ ची होंडा एस२०००, अकरा वर्षं तुमच्याकडे, दीड लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले. हल्ली खडखडते, वळणावर पूर्वीसारखा भरवसा वाटत नाही. त्यात परवा नवी टोयोटा जीआर८६ वीस मिनिटं चालवून बघितलीत, तेव्हापासून झोप उडाली आहे. डीलर जुनी ठेवून घ्यायला तयार आहे. द्यावी का?

आत्ता देऊ नका. सहा महिन्यांनी कदाचित द्याल, आणि तेव्हा ते बरोबरही असेल. पण आज तुम्ही एका दमलेल्या गाडीला एका ताज्या गाडीशेजारी उभं केलंय आणि हरली म्हणून तिला बोल लावताय.

मी याच जागी दोनदा उभी राहिले आहे, आणि दोन्ही वेळा गाडी एकच होती. पहिल्यांदा ठेवली, सहा वर्षांनी विकली. कोणती गाडी ते मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि लोक आपापल्या पंथाचं निशाण घेऊन हजर होतात. दोन सीटा, वर कापडी टप, ताकद मागच्या चाकांवर, एवढं पुरे.

पहिल्या वेळी माझी तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती. सरळ रस्त्यावर गाडी किंचित भरकटायची, वळणात शिरताना मागचा भाग क्षणभर उशिरा यायचा. मी मनाशी ठरवून टाकलं की हिचं वय झालं. नवी बघायला गेले, चालवली, रंगसुद्धा निवडला. जुनी द्यायच्या आधी एकदा दाखवावी म्हणून माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, मागच्या आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीत, टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि हलवून दाखवली. बुश फाटून नुसता नावाला उरला होता. मग दुसरा बघितला, तोही तसाच. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंट बसलेले, एका शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळून वाळलेलं. आणि टायर! नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मी निर्धास्त होते. बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले तर टायर नऊ वर्षांचे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१४ असेल तर २०१४ चा पस्तिसावा आठवडा. रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, कडक होतं, आणि वरून टायर नवाच दिसत राहतो.

गंमत अशी की हे सगळं इतक्या हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. शॉकॲब्सॉर्बर एका रात्रीत जात नाही, महिन्याला चिमूटभर जातो आणि आपण त्याला सरावतो. मग एक दिवस नव्या गाडीत बसतो, तिचं सगळं रबर कोरं, सगळं सस्पेन्शन घट्ट, आणि वाटतं, केवढी प्रगती झाली! प्रगती झालीच आहे. पण तुम्हाला जाणवलेल्या फरकात प्रगती किती आणि ताजं रबर किती, हे वेगळं काढल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. मी बुश, माउंट, चारही शॉकॲब्सॉर्बर आणि टायर बदलले, अलाइनमेंट नीट करून घेतलं. खर्च झाला, नाही असं नाही, पण नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या घसाऱ्याच्या जवळपासही तो गेला नाही. परत येताना वळणाच्या रस्त्याने आले, जरा लांब पडतो तरी. दुसऱ्या दिवशी नव्या गाडीचं बुकिंग रद्द केलं.

तुमच्या गाडीत तर हा मुद्दा अजून जास्त लागू पडतो. एस२००० च्या सुरुवातीच्या गाड्यांत मागचं सस्पेन्शन दबलं की चाकांचा कोन थोडा बदलतो. त्या गाड्या मागून पटकन सुटतात ही ओळख त्यातूनच आली. २००४ मध्ये होंडाने चाकं मोठी केली, सस्पेन्शन बदललं आणि हा स्वभाव बराच शांत केला. तुमची २००२ ची, म्हणजे आधीची. अशा गाडीत जुने बुश, जुने टायर आणि चुकलेलं अलाइनमेंट एकत्र आलं की भरवसा जाणारच. खडखडीबद्दलही तेच. थंड इंजिन सुरू केल्यावर पुढून आवाज येत असेल तर आधी टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, तपासा. या इंजिनाचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे आणि बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. आवाज मागून, गाडी जागेवरून हलताना टक्क असा येत असेल तर मागच्या ॲक्सलचे नट बघायला सांगा. गाडी थंड असताना दुसरा गिअर जड पडत असेल तर ते जरा गंभीर, गिअरबॉक्सचं काम निघू शकतं. पण यातलं काहीच गाडी सोडण्याचं कारण नाही.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. टेस्ट ड्राइव्हला तर नऊ दिवसही मिळत नाहीत. तुम्ही लिहिलंय की नवी गाडी 'कितीतरी जास्त ताकदवान' वाटली. आकडे शेजारी ठेवून बघा. तुमचं इंजिन १९९७ सीसी, टर्बो नाही, ८३०० आरपीएमला सुमारे २४० अश्वशक्ती. जीआर८६ चं २३८७ सीसी, तेही टर्बोशिवाय, ७००० आरपीएमला सुमारे २३५. वजनातही दोघींचा फार फरक नाही, दोन्ही साधारण साडेबाराशे ते तेराशे किलोच्या दरम्यान. मग जास्त कसली वाटली? टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवायची ओढ. तुमच्या गाडीत तो २०८ न्यूटन मीटर, तोही ७५०० आरपीएमला. नवीत २५० न्यूटन मीटर, आणि अवघ्या ३७०० ला. रहदारीत, शेजारी डीलरचा माणूस बसलेला असताना, कोणी साडेसात हजारांपर्यंत जात नाही. म्हणजे नव्या गाडीने तिचं सगळं तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही तिची तुलना केलीत तुमच्या गाडीच्या अर्ध्या झोपेतल्या रूपाशी. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा, म्हणजे जास्त वेगाला झडपा जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, दुसरा कॅम लागतो तिथून नऊ हजारांपर्यंत तुमची गाडी जे करते, ते आज कोरी गाडी घेऊन मिळवायला जाल तर पर्याय फारच थोडे आहेत, आणि ते वेगळ्याच वर्गातले.

उलट बाजूही सांगते, कारण जुन्याचं कौतुक करताना लोक वाट्टेल ते बोलतात. 'जुन्या गाडीचं स्टिअरिंग जिवंत, नवीचं इलेक्ट्रिक म्हणून मेलेलं' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. एस२००० चं स्टिअरिंग १९९९ पासून इलेक्ट्रिकच आहे. स्टिअरिंगच्या बाबतीत नवी जीआर८६ मला अजिबात कमी वाटत नाही. आणि रोज रहदारीत चालवायची असेल तर त्या ३७०० च्या टॉर्कचं सुख खरं आहे, नाकारू नका. तुम्ही गाडी नेमकी कुठे आणि कशी चालवता, यावर इथे बरंच काही ठरतं, आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही.

गाडी बदलायला माझ्या मते पटणारी कारणं दोन-तीनच आहेत. पहिलं सुरक्षेचं. तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, नाही. एस२००० ला ती २००६ च्या सुमारास मिळाली. युरोपात २०१४ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची आहे, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून. पावसात, रात्री, दमलेले असताना रोज हीच गाडी चालवावी लागत असेल, किंवा शेजारच्या सीटवर तुमचं मूल बसणार असेल, तर यापुढे वाद घालायला मी येणार नाही. नवी घ्या. आठवड्यातून एकदा कोरड्या रस्त्यावर, ताजेतवाने असताना चालवत असाल तर हिशेब वेगळा.

दुसरं कारण सुट्या भागांचं. इंजिनाचे भाग कुठून ना कुठून मिळतात. अडतं ते दिवे, टप, काचेभोवतीची रबरं, आतलं प्लास्टिक असल्या गोष्टींवर. काही कंपन्या आता जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनवायला लागल्या आहेत. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी ते जाहीर केलं, टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी सुरू केलं. पण प्रत्येक गाडीचं नशीब असं नसतं. तुमच्या गाडीचे असे दहा भाग कागदावर लिहा आणि कोणते नवे मिळतात, कोणते फक्त मोडीतल्या गाड्यांवरून, ते शोधा. एका संध्याकाळचं काम आहे.

तिसरं म्हणजे पत्रा, आणि इथे माझ्या दुसऱ्या वेळेची गोष्ट येते. चाक बदलायला जॅक लावला आणि दाराखालच्या पट्टीत तो कुरकुर आवाज करत आत गेला. वरून रंग चकचकीत, आतून गंज. बुश बदलता येतो, इंजिन बदलता येतं, पण पट्टी ही गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, मी चौकशीही केली होती. पण त्याच दिवसांत मला दुसरंही काही दिसलं. एक वही होती माझी, पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची. त्यात शेवटच्या चार महिन्यांत तीन नोंदी होत्या. पूर्वी महिन्याला पाच-सहा असायच्या. पाऊस येईल, टप गळतो, पार्किंग मिळणार नाही, कंबर धरते: दर वेळी काहीतरी कारण सांगून मी दुसऱ्या गाडीची किल्ली उचलत होते. गंज दुरुस्त करून घेतला असता, पण ही कारणं कोण दुरुस्त करणार होतं?

डीलरने वर्ष आणि किलोमीटर विचारून आकडा सांगितला. गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्याचं चुकलं नाही, त्याला ती पुढे लिलावातच ढकलायची होती. मी स्वतः विकायचं ठरवलं. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली, काढून ठेवलेले मूळ भाग एका खोक्यात भरले, आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत पट्टीच्या गंजाचं लिहिलं. जो घेऊन गेला तो टॉर्च घेऊन आला होता, पाऊण तास गाडीखाली झोपून होता, आणि त्याने भाव विचारायच्या आधी बुश कोणत्या कंपनीचे घातले ते विचारलं. डीलरपेक्षा बरीच जास्त रक्कम मिळाली. तुमच्या गाडीला तर रांग लागेल. ती २००९ मध्ये बनायची थांबली, साऱ्या जगात मिळून लाखभरच्या थोड्याच वर निघाल्या, आणि ठोकलेल्या, बदल करून वाट लावलेल्या सोडल्या तर चांगल्या थोड्याच उरल्यात. विकलीत तरी त्या एक्स्चेंजच्या कागदावर सही करू नका.

दोन्ही ठेवा असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ऐकायला गोड आहे. पण उभी गाडी आपोआप टिकत नाही. बॅटरी उतरते, ब्रेकचं ऑइल हवेतली ओल पितं, टायर एका जागी चपटतात, सील सुकतात. दोन्ही चालवणार असाल तरच.

आज माझ्याकडे नवी आहे. पहाटे कसलीही चिंता न करता सुरू होते, पावसात मला सांभाळून घेते, आणि मी ती आठवड्यातून चार दिवस चालवते, जुनीपेक्षा कितीतरी जास्त. एकच तक्रार: जुनी साठच्या वेगाला जी धमाल करायची ती हिला करायला जो वेग लागतो, त्या वेगाला परवाना जप्त होतो.

तेव्हा आधी लिफ्टवर चढवून घ्या, रबर आणि टायर करा, टेन्शनरचा आवाज तपासा, आणि जॅक लावायच्या जागा बोटाने दाबून बघा. मग तीन महिने चालवा आणि कितीदा किल्ली उचलली ते लिहून ठेवा. त्यानंतर जीआर८६ पुन्हा चालवा, शक्य झालं तर दोन दिवस भाड्याने घेऊन, आणि त्याच दिवशी त्याच रस्त्यावर तुमची नऊ हजारांपर्यंत न्या. सुरुवात टायरपासून करा, ते चार आकडे वाचायला मेकॅनिकही लागत नाही. काय निघतात ते कळवा.