लोकैषणा, प्रसिद्धिलोलुप की सरळ चमको?

प्रश्न असा होता की प्रसिद्धीच्या मागे हात धुऊन लागलेल्या माणसाला मराठीत नेमका शब्द कोणता, 'लोकेषणा' असं कुठेतरी वाचलं ते हेच का, आणि प्रसिद्धी टाळणाऱ्याला 'प्रसिद्धिपराङ्मुख' असा तयार शब्द आहे तर मग उलट बाजूला का नाही.

आधी लोकेषणाचं उरकून टाकतो. एक तर तो लोकैषणा, दोन मात्रा. लोक अधिक एषणा, अ पुढे ए आला की ऐ होतो, एक अधिक एक एकैक तसं. एषणा म्हणजे इच्छा, इष्ट शब्द तिचाच भाऊ. दुसरं म्हणजे हा शब्द माणसाला लागत नाही, वृत्तीला लागतो, म्हणजे 'तो फार लोकैषणा आहे' असं नाही म्हणता येणार, 'त्याची लोकैषणा काही सुटत नाही' असं म्हणायचं. बृहदारण्यक उपनिषदात पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा अशा तिघी एकत्र येतात आणि तिथला लोक म्हणजे शेजारपाजारचे लोक नव्हेत, तो इहलोक-परलोकातला लोक. पुढे कधीतरी लोक म्हणजे चारचौघं असा अर्थ चिकटला. स्वर्ग हवा इथून निघालेला शब्द टाळ्या हव्या इथे येऊन पोचला म्हणा ना. बाकी उपनिषद तिथेच पुढे सांगतं की पुत्रैषणा तीच वित्तैषणा आणि वित्तैषणा तीच लोकैषणा, म्हणजे हे सगळं हवं-हवं एकच.

आता मला यात जास्त मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रसिद्धीसाठीचे आपले जुने शब्द एकेक उघडून बघा. कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे, म्हणजे कीर्ती म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं वर्णन. ख्यातीतला ख्या म्हणजे सांगणे, आख्यान आणि व्याख्या त्यातलेच. लौकिक तर सरळ लोकांचाच. विश्रुत म्हणजे ऐकला गेलेला. संस्कृतात श्रवस् म्हणजे कीर्ती, तोही ऐकण्यावरूनच, आणि ग्रीकमधला क्लेओस हा त्याचा सख्खा नातेवाईक. वेदात 'अक्षय श्रवस्' आणि होमरच्या काव्यात 'अक्षय क्लेओस' अशी जवळजवळ तीच जोडी सापडते, हे १८५३ मध्ये आडाल्बर्ट कून या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं. इंग्रजी फेमसुद्धा लॅटिनमधल्या बोलण्याच्या धातूवरून आलाय. म्हणजे कुठेही जा, ही वस्तू तुमच्याकडे नसतेच, ती दुसऱ्याच्या तोंडात नाहीतर कानात असते. तुम्ही फक्त ज्याच्याबद्दल बोलतात तो.

यात प्रसिद्धी थोडी बाजूला पडते कारण ती सिद्ध वरून आलीय, तिच्यात बोलणारं कोणी नाही. मराठीत तर छापून आलं की झालं प्रसिद्ध. 'माझं पुस्तक गेल्या वर्षी प्रसिद्ध झालं' असं म्हणणारा लेखक खोटं बोलत नसतो, मग ते पुस्तक त्याच्या घरच्यांनीही उघडलेलं नसेना का. आणि क्रियापदं बघा, कीर्ती पसरते, दुमदुमते, सगळं आपलं आपण होतं. प्रसिद्धी मात्र दिली जाते, मिळवली जाते, करवूनही घेतली जाते, तिचं पत्रक निघतं, तिचा स्टंट असतो. कीर्तीचा स्टंट म्हणून बघा, जीभच वळत नाही. आता तर 'व्हायरल करा' असा आज्ञार्थच आलाय, रोगाची साथ ऑर्डर देऊन आणल्यासारखा. माझ्या मते प्रश्नातल्या माणसाची सगळी गडबड इथे आहे, त्याला हवी असते कीर्ती, म्हणजे लोकांनी आपणहून बोलावं, आणि हातात येते ती प्रसिद्धी, मग ती पुरत नाही आणि तो अजून मागतो.

'नाव' हा तर खजिनाच आहे. नाव ठेवणे आणि नावं ठेवणे यात फक्त एका अनुस्वाराचा फरक, पण एक बारशाला होतं आणि दुसरं जन्मभर. नामांकित डॉक्टर असतो आणि नामचीन गुंड असतो, उलट करून बघा, डॉक्टर भांडायला येईल. पण माझा लाडका वाक्प्रचार 'नाव काढणे'. पोराने बापाचं नाव काढलं म्हणजे चार लोकांत मान मिळवून दिला. आणि 'त्याचं नाव काढू नकोस' म्हणजे उच्चारही करू नकोस. या दोन टोकांत अख्खा हिरोस्ट्रेटस बसतो. ख्रिस्तपूर्व ३५६ मध्ये इफिसस शहरातलं आर्टेमिस देवीचं मंदिर, जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, या गृहस्थाने पेटवून दिलं, कशासाठी तर आपलं नाव राहावं म्हणून, तशी कबुलीच दिली म्हणतात. शहराने ठरवलं की याचं नाव कोणी काढायचं नाही. पण थिओपॉम्पस नावाच्या इतिहासकाराने ते लिहून ठेवलं आणि जर्मन भाषेत आजही नावासाठी विध्वंस करणाऱ्याला हेरोस्ट्राट म्हणतात, म्हणजे माणसाचं सामान्यनामच झालं. मंदिर कोणी बांधलं ते किती जणांना सांगता येईल? (आणि मीही आत्ता त्याचंच नाव काढून बसलोय, हे लक्षात आलंय माझ्या.) २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये गोळीबार झाला तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की हल्लेखोराचं नाव मी कधीच घेणार नाही, मेलेल्यांची नावं घ्या. इफिससवाल्यांचंच शहाणपण, फक्त या वेळी जोडीला दुसरी नावंही दिली.

सेलिब्रिटीची मुळं शोधली तर लॅटिनमध्ये गर्दीशी नेऊन सोडतात, म्हणजे जिथे माणसांची वर्दळ असते ते. १९६१ मध्ये डॅनियल बूरस्टिन या अमेरिकन इतिहासकाराने सेलिब्रिटीची व्याख्या केली ती साधारण अशी की जो प्रसिद्ध असण्याबद्दलच प्रसिद्ध आहे तो. तेव्हा लाईकचं बटण यायला जवळपास अर्धं शतक बाकी होतं, फेसबुकने ते २००९ मध्ये आणलं.

बटणावरून आठवलं, माझंच सांगतो. मागे एका रोजच्या शब्दाची व्युत्पत्ती मी चार ओळींत लिहून टाकली, चटकदार होती, कुठेतरी ऐकलेली, तपासली नव्हती. रात्री झोपताना फोन पालथा ठेवला आणि दर दोन मिनिटांनी सरळ करून आकडा बघत होतो. पन्नास, दोनशे, मग मोजणं सोडलं असं स्वतःला सांगितलं आणि परत मोजलं. दुसऱ्या दिवशी शब्दकोश काढला तर ती व्युत्पत्ती साफ चुकीची. दुरुस्ती टाकली, पुराव्यासकट, तिला आठ जणांनी अंगठा दाखवला, त्यातला एक माझ्या बहिणीचा. चुकीची पोस्ट मात्र अजून फिरत येते माझ्याकडेच, खाली माझं नावसुद्धा नाही, आणि मला राग कशाचा आला तर नाव गाळल्याचा, चूक पसरल्याचा नंतर. यालाच लोकैषणा म्हणतात. शब्द कोणता होता ते सांगत नाही, परत पसरायला नको.

तर आता तुमचा मूळ शब्द. लेखात वापरायचा असेल तर प्रसिद्धिलोलुप चांगला आहे, समासात पहिलं पद ऱ्हस्व, प्रसिद्धिपत्रक तसं. बोलताना नावासाठी हपापलेला म्हणा, त्यात तोंडाला सुटलेलं पाणी दिसतं. आणि चारचौघांत चमको किंवा चमकेश, तो जे करतो ती चमकोगिरी. शब्द नाहीत असं नाहीच, उलट या बाजूला मराठीत उजेडच उजेड आहे, चमकणे, झळकणे, झोतात येणे, टेंभा मिरवणे, आणि 'काय दिवे लावले' हे तर आहेच. फक्त यातला एकही तोंडावर म्हणता येत नाही, मग औपचारिक लिखाणात ते दिसणार कसे. प्रसिद्धिपराङ्मुख मात्र बिनधास्त म्हणता येतो, श्रद्धांजलीत तर हमखास, आणि तोही दुसऱ्यानेच म्हणायचा असतो. 'मी फार प्रसिद्धिपराङ्मुख आहे हं' असं मुलाखतीत म्हणणारे भेटलेत, त्यांच्यासाठी कुठला शब्द काढायचा ते मात्र तुम्हीच सुचवा.