रिकामा पिकअप चिखलात आडवा का होतो?

प्रश्न: पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या मातीत रिकामा पिकअप घसरतो, भरलेला घसरत नाही. असे का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: जोर मागच्या चाकांना, पण रिकाम्या गाडीचे वजन पुढे इंजिनापाशी; म्हणून मागच्या चाकांची पकड सुटते. मागच्या एक्सलच्या बरोबर वर 50 किलोची 3-4 वाळूची पोती पक्की बांधा. दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने उचला. चाक जागीच फिरू लागले की रेस देऊच नका! नक्षीत चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो, गाडी एक्सलपर्यंत रुतते. डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारे गिअर) पकड सुटलेले चाकच फिरत राहते. त्याच्याच पुढची माती उकरून पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) दाबून भरा. मागचा भाग सरकला तर ब्रेक नको. तो ज्या बाजूला जातो तिकडेच स्टिअरिंग वळवा.