नर्सरीच्या ‘संवादा’साठी क्लास लावू का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांची होईल. आम्ही कोथरूडला राहतो. जवळच्या नावाजलेल्या शाळेत नर्सरीच्या प्रवेशाआधी मूल आणि आईवडिलांशी ‘संवाद’ असतो. शेजाऱ्यांनी त्यासाठी मुलाला क्लास लावलाय. आमची मुलगी नवख्या माणसासमोर तोंडच उघडत नाही. हे म्हणतात, आतापासून घरात इंग्रजीच बोलू या. सासूबाईंना ते पटत नाही. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : क्लास लावू नका. आणि सासूबाईंचं ऐका.

मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच्या आधी आमच्या शाळेत लहानग्यांच्या मुलाखती मी घेत असे. एक मुलगा आठवतो. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. रंगीत ठोकळे पुढे ठेवताच रेड, ब्लू, यलो धडाधड म्हणाला. मग मी विचारलं, “घरी कोण कोण असतं रे?” तो गांगरला, आईकडे बघत हळूच म्हणाला, “ग्रीन?” आईचे डोळे भरून आले. त्याला आम्ही घेतलं, पण त्याच दिवशी नुसती रडली म्हणून काही मुलांच्या नावापुढे मी फुली मारली. ते मला आजही सलतं. एवढ्याशा पोराची रात्रीची झोप झाली नव्हती की त्याला भूक लागली होती, मला काय ठाऊक होतं?

त्या कायद्याच्या तेराव्या कलमाने अशी चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, आणि शाळा जागा भरून घेतात नर्सरीतच. पळवाट तिथे आहे. त्यामुळे बोलावलं तर जा, फक्त तिला खाऊपिऊ घालून, झोप झाल्यावर न्या, आणि “नीट बोल हं” असं वाटेत बजावू नका. नाही बोलली तर नाही बोलली. देणगी मागितली तर मात्र उठून या. महाराष्ट्रात १९८७ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

नावाजलेली म्हणजे तुमच्या मुलीसाठी चांगली, असं धरून चालू नका. एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा. बाई मुलांना नावाने हाक मारतात की रांगेतल्या नंबराने? डबे भरलेलेच परत येतात का? “बाई, शू” म्हटल्यावर पोराला किती थांबावं लागतं, हे तिथल्या मावशींना विचारा. त्या खरं सांगतात. पहिलीच्या बाई किती वर्षं टिकल्यात, तेही विचारा. दरवर्षी नव्या बाई येत असतील तर मी तरी तिथे मूल घालणार नाही. आणि बसमध्ये तासभर जात असेल, तर घराजवळची साधी शाळा बरी.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. घरी फक्त मराठी बोलणारी कितीतरी मुलं माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत इंग्रजी सूचना समजू लागलेली मी पाहिली आहेत. ज्यांच्या घरी भरपूर गोष्टी सांगितल्या जात, ती तर लवकरच. आज रात्री सासूबाईंना चिऊ-काऊची गोष्ट सांगू द्या. “चिऊताई चिऊताई, दार उघड” म्हणून त्या मुद्दाम थांबल्या की पुढचं वाक्य कोण म्हणतं, ते दाराआडून ऐका.