टोचणारा आवाज आणि ॲम्प्लिफायरची निवड

प्रश्न (जळगाव): नव्या स्पीकरवर तारसप्तकातले स्वर आणि झांजांचा नाद कानाला टोचतो. दुकानदार ‘मऊ आवाजाचा’ ॲम्प्लिफायर सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर: इतक्यात घेऊ नये. कानाला खुपणारा भाग बहुधा २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि त्या पट्ट्यात कोणतेही दोन चांगले ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, त्यांच्या क्षमतेच्या आत चालवले तर, जवळजवळ सारखेच वागतात. गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि मोजके सामान असलेली खोली मात्र तोच पट्टा पुन्हा पुन्हा परतवते. म्हणून आधी स्पीकरची तोंडे थेट कानांकडे न ठेवता थोडी बाहेर वळवावीत, कारण ट्वीटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) सरळ रेषेतून बाजूला सरकले की वरचे स्वर कमी होतात. मग आपल्या जागी बसून कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल, तिथे जाड गोधडी भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून टांगावी. पातळ पडद्याने फारसे साधत नाही, तो केवळ अगदी वरचे स्वर शोषतो. एवढे करूनही टोचणी उरली तर ट्रेबलचे (वरच्या स्वरांचे) बटण किंचित खाली करण्यात कसलाही कमीपणा नाही. ते त्यासाठीच दिलेले असते.

प्रश्न (धुळे): व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरने प्रखर स्पीकर हमखास निवळतात, हे खरे का?

उत्तर: हमखास नाही. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या आतून विजेला होणारा अडथळा, सहसा ०.१ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तर व्हॉल्व्हच्या अनेक ॲम्प्लिफायरचा १ ते ३ ओहम. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले तरी त्याचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो. तो एका ठिकाणी ४ आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहम असेल, तर २ ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या ॲम्प्लिफायरवर त्या दोन ठिकाणांत सुमारे पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो आणि जास्त इम्पीडन्सची जागा वर उचलली जाते. तुमच्या स्पीकरचा इम्पीडन्स वरच्या स्वरांत चढत असेल, तर आवाज उलट अधिक प्रखर होईल. त्यामुळे स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न (अमळनेर): स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे. ३० वॉट पुरतील का?

उत्तर: मध्यम खोलीत बेताच्या आवाजाला पुरतील. एका मीटरवर १ वॉटला ८७, तर ३० वॉटला सुमारे १०२ डेसिबल मिळतात. १०० वॉटला १०७. मात्र मोठ्या आवाजात तबल्याची थाप किंवा ढोल वाजला की ॲम्प्लिफायर क्लिपिंगमध्ये जातो, म्हणजे क्षमता संपून लहरींची टोके छाटली जातात, त्यातून वरचे अनावश्यक स्वर जन्मतात आणि स्पीकर मुळात नसलेल्या कर्कशपणाचा आरोप सोसतो. मोठ्याने ऐकणाऱ्याने ८० ते १०० वॉटच घ्यावेत.

प्रश्न (भुसावळ): क्लास ए प्रकारचा ॲम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर: आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत नको. त्यातून सतत वीज वाहते, म्हणून गाणे थांबले तरी तो तापतच राहतो. क्लास एबी, म्हणजे शांत असताना कमी वीज घेणारा प्रकार, घ्यावा, बंद कपाटात ठेवू नये, वर वीतभर जागा मोकळी सोडावी.