वाचकांचे प्रश्न : गाण्यांचा कोश वाचायचा कसा?

प्रश्न : वडिलांच्या कपाटात ‘हिंदी फिल्म गीत कोशा’चे दोन जाडजूड खंड आहेत. ते हयात असताना रोज रात्री जेवणानंतर तासभर त्यांत रमत असत. आता कोणतेही गाणे मोबाइलवर क्षणात मिळते. मग नुसत्या याद्यांमध्ये त्यांना एवढे काय सापडत असावे? हे खंड ठेवावेत की वाचनालयाला द्यावेत?
– एक वाचक, देवगड

उत्तर : जे गाणे आपल्याला आठवते ते मोबाइल शोधून देतो, जे कधी कानांवर आलेच नाही, त्याची चाहूल कोशातच लागते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी १९३१पासूनच्या हिंदी बोलपटांची गाणी दशकवार खंडांत नोंदवली. गाजलेल्या आणि विसरल्या गेलेल्या चित्रपटांना तिथे सारखाच मान आहे आणि मला या ग्रंथांचे सर्वांत मोठे आकर्षण तेच वाटते. ‘आलम आरा’चेच पाहा. या पहिल्या बोलपटाची प्रत आज उपलब्ध नाही, त्यातील सात गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. त्यामुळे ती गाणी आता केवळ कागदावर उरली आहेत.

दुसरे सुख पडताळ्याचे. ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’च्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते, म्हणजे प्रत्यक्ष तबकडीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. लता मंगेशकरांनी पंचवीस हजारांहून अधिक गाणी गायल्याची नोंद एके काळी गिनीजच्या पुस्तकात होती. संग्राहकांनी एकेक गाणे मोजले, तेव्हा त्यांची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरली. एवढ्याने त्यांच्या गाण्याची थोरवी तसूभरही उणावत नाही, पण ज्यांनी वर्षानुवर्षे तबकड्या आणि चित्रपटांच्या जुन्या पुस्तिका तपासल्या, त्यांच्या चिकाटीपुढे मान तुकवावीशी वाटते.

खंड देण्याची घाई करू नये. वडिलांच्या तरुणपणाचे एखादे वर्ष उघडावे आणि त्या वर्षीची सगळी पाने ओळीने वाचावीत; त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या असतील, तर तिथूनच सुरुवात करावी. आपल्याकडच्या दमट हवेत मात्र कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, पाऊस ओसरल्यावर खंड सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावेत आणि बुरशी दिसलीच, तर ती घराबाहेर नेऊन कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावी.