पॉइंट टू टूने ग्रुपिंग चांगले येते, मग एसएलआरने गोळ्या खाली का जातात?

एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरच्या, रायफलने उत्तम ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींजवळ लागणे) येत असताना ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआर या लष्करी सेल्फ लोडिंग रायफलच्या पहिल्याच फायरिंगला गोळ्या विखुरल्या आणि बहुतेक खाली गेल्या, याला रायफलचा धक्का कारणीभूत आहे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे कॅडेट्सना फायरिंग शिकवले आहे. माझ्या मते आपल्या गोळ्या धक्क्याने भरकटल्या नसून धक्का येणार या धास्तीने भरकटल्या आहेत.

एसएलआरची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ८४० मीटर वेगाने सुटते. पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि तिचा वेग याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे एसएलआरचा खांद्यावर येणारा धक्का कित्येक पटींनी मोठा असतो, हे खरेच आहे. मात्र गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात चार किलोंहून जड असलेली रायफल फार तर एक-दीड मिलिमीटर मागे सरकते. पकड तीच राहिली तर हे सरकणे दर वेळी सारखेच असते, म्हणून झिरोइंग करताना, म्हणजे गोळी नेमाच्या जागी लागेल अशी साइट जुळवताना, त्याचा हिशेब आपोआप होऊन जातो. खांद्याला धक्का जाणवून शरीर त्यावर काही करेपर्यंत गोळीने शंभर मीटर मागे टाकलेले असतात.

नेम बिघडतो तो त्याआधीच्या क्षणी. डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो, मूठ आवळली जाते आणि ट्रिगर दाबला जाण्याऐवजी खेचला जातो. नळीच्या टोकाकडची पुढची साइट (नेम धरण्याची खूण) एवढ्याने एक मिलिमीटर जरी हलली, तरी ३०० मीटरवर गोळी सुमारे अर्धा मीटर चुकते.

खात्री करायची असेल तर आपल्या प्रशिक्षकांना मॅगझिनमध्ये जिवंत राउंडांमध्ये एखादा ड्रिल राउंड, म्हणजे न उडणारे सरावाचे काडतूस, आपल्याला न सांगता भरायला सांगावे. तो आला की आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि तरीही नळी खाली झुकताना बाजूच्या माणसाला स्वच्छ दिसते. हाच सराव पुन्हापुन्हा केला की हे झुकणे कमी होत जाते, आणि त्याच्या जोडीला रोज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या रायफलने सराव, हवी, ज्यात ट्रिगर सुटल्यानंतरही साइटवरची नजर हलू द्यायची नाही.

पण त्याआधी कानांची काळजी घ्यावी, आणि याबाबत मी आग्रही आहे, कारण कॅडेट दचकतो तो बऱ्याचदा धक्क्यापेक्षा आवाजाला. इअरप्लग आणि त्यावर मफ असे दोन्ही लावावे. कापसाच्या बोळ्याने काम भागत नाही. बट, म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवावा, गळपट्टीच्या हाडावर कधीही नको. झोपून फायर करताना शरीराला मागे झुलायला जागा नसते, त्यामुळे सैल धरलेला बट तिथेच सर्वांत जास्त लागतो, आणि एकदा लागला की पुढच्या प्रत्येक राउंडला शरीर आधीच सावध होते.

धक्का सहन करण्यात मर्दुमकी मानणारे लोक भेटतील, त्यांचे ऐकू नये. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले कसलेले नेमबाजसुद्धा ७.६२ सोडून सौम्य धक्क्याच्या ६ मिलिमीटर काडतुसांकडे वळले आहेत. आपल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तो ५० मीटरचा प्रकार तर पॉइंट टू टूचाच आहे. तेव्हा ग्रुप पसरू लागताच एसएलआर खाली ठेवून पुन्हा पॉइंट टू टू घ्यावी, आणि ग्रुप जुळला की मगच, थोडेच राउंड घेऊन, एसएलआरकडे यावे.